डागामागची तारीख

युद्धनौकेचे मॉडेल समोर आले की नजर आपसूक तोफांकडे जाते. ती थोडी पुढे आणि खाली न्यावी. नाळेजवळ, नांगराची साखळी ज्या भोकातून बाहेर येते त्याच्या खाली. साखळी वर-खाली होताना तिथला रंग खरवडला जातो, तिच्याबरोबर तळाचा गाळ आणि खारे पाणी वर येते, आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला पहिला गंज तिथेच चढतो. मॉडेलकाराने या एका जागी काय केले आहे, यावरून त्याच्या साऱ्या कामाचा अंदाज येतो. ओघळ भोकाच्या खालच्या कडेपासून सुरू झाला आहे का? वर गडद आणि खाली विरळ होत गेला आहे का? चालत्या जहाजाच्या लाटांनी तो किंचित मागे ओढला गेला आहे का? पाणरेषेपाशी धुऊन निघाला आहे का? चारही उत्तरे होकारार्थी आली, तर उरलेले मॉडेल सावकाश वाचायला घ्यावे.

मॉडेलकार या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात. ऊन, पाऊस, मीठ, धूर आणि माणसांचा वावर यांच्या खुणा नव्याकोऱ्या प्रतिकृतीवर उतरवायच्या. या कलेचा आस्वाद घेताना मी एकच कसोटी लावतो. हा डाग कशाने पडला आणि कधी पडला, हे मॉडेलकडे पाहून सांगता आले पाहिजे. त्यातही ‘कधी’ महत्त्वाचे. गंज, ओघळ, उडालेला रंग हे सगळे मिळून एका विशिष्ट दिवसाकडे बोट दाखवत असतील, तर ते मॉडेल थोर. नुसतेच ‘जुने’ दिसत असेल, तर ते रंगकाम.

लंडनमधील ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात सतराव्या-अठराव्या शतकांतली लाकडी जहाजांची मॉडेल्स आहेत. त्यांतली बरीच १:४८ प्रमाणात आहेत. अनेकांच्या तळाला फळ्याच मारलेल्या नाहीत. आतल्या फासळ्या उघड्या दिसतात आणि लाकूड झळाळते. त्यांचे सौंदर्य निर्विवाद आहे, पण ते जहाज अजून पाण्यात उतरलेले नाही. त्या मॉडेलात जहाजाची कल्पना आहे. वेदरिंग केलेल्या मॉडेलात जहाजाचे आयुष्य असते, आणि आयुष्य म्हटले की तारीख आलीच.

आधी प्रमाणाची शिस्त पाहू. आज युद्धनौकांची मॉडेल्स बहुधा १:७०० किंवा १:३५० या प्रमाणांत होतात. १:७०० मध्ये माणूस जेमतेम अडीच मिलिमीटर उंच. एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले सत्तर सेंटिमीटर. ब्रशचे टोक सहज टेकले तरी जो ठिपका उमटतो, तो खऱ्या जहाजावर दाराएवढा खड्डा ठरेल. १:३५० चे मॉडेल आपण चाळीस सेंटिमीटरवरून पाहतो, तेव्हा खरे जहाज १४० मीटरांवरून पाहत असतो. एवढ्या अंतरावरून रिव्हेट दिसत नाहीत, पत्र्यांचे जोड पुसट होतात आणि मधल्या हवेमुळे रंग फिका पडतो. म्हणून जाणता मॉडेलकार मूळ रंगात थोडा पांढरा मिसळतो आणि शुद्ध काळा जवळपास वर्ज्य मानतो. ओघळासाठी तो रॉ अंबर किंवा बर्न्ट सिएना या तैलरंगाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवतो आणि थिनरने जेमतेम ओलावलेल्या ब्रशने खाली ओढतो. बहुतेक रंग त्याच ओढण्यात पुसला जातो. उरते ती रंगाची चाहूल, आणि १४० मीटरांवरून डोळ्यांना तेवढेच दिसते.

आता दोन जहाजे शेजारी ठेवू. २४ मे १९४१ च्या पहाटे आइसलँड आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत ब्रिटिशांची ‘हूड’ आणि जर्मनांची ‘बिस्मार्क’ समोरासमोर आल्या. काही मिनिटांत हूडचा स्फोट झाला. जहाजावरच्या १,४१८ जणांपैकी तिघे वाचले. तीन दिवसांनी, २७ मे रोजी, बिस्मार्कही बुडाली. दोन्ही नौकांचे १:३५० चे संच मिळतात, आणि दोन्ही एकाच कपाटात मांडण्याचा मोह अनेकांना होतो. पण या दोघींचे वय सारखे नाही, आणि खरी परीक्षा तिथे आहे.

बिस्मार्क ऑगस्ट १९४० मध्ये सेवेत आली. पुढचे बरेच महिने बाल्टिक समुद्रातल्या सरावात गेले. त्या काळाच्या अखेरीस तिच्या अंगावर काळे-पांढरे तिरपे पट्टे होते. २१ मे रोजी नॉर्वेत बेर्गेनजवळच्या ग्रिमस्टाड फ्योर्डमध्ये थांबली असताना हे पट्टे करड्या रंगाखाली झाकले गेले. म्हणजे लढाईच्या सकाळी तिच्या अंगावरचा वरचा रंग तीन दिवसांचा होता. या बिस्मार्कवर गंजाचे लोंढे सोडणारा मॉडेलकार कितीही कुशल असो, तो चुकीची तारीख सांगतो. मर्म जाणणारा मॉडेलकार आधी पट्टे पूर्ण रंगवतो, मग त्यांवर करड्या रंगाचे पातळ थर देतो आणि खालचा पट्टा अगदी शंकेपुरता जाणवेल इतपतच थांबतो. घाईने मारलेल्या रंगाखालून जुनी ओळख डोकावते. त्याच दिवसाची दुपार दाखवायची असेल, तर नाळ थोडी खाली झुकलेली हवी आणि मागच्या पाण्यावर तेलाचा पट्टा हवा, कारण हूडसोबतच्या ब्रिटिश ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चा गोळा तिच्या पुढच्या भागात लागला होता. सकाळ आणि दुपार यांतला हा फरक सांभाळलेला दिसला की मला मॉडेलकाराला दाद द्यावीशी वाटते.

हूडची गोष्ट निराळी. ती १९२० पासून सेवेत होती. १९४१ च्या आरंभी रोसाइथच्या गोदीत तिची डागडुजी झाली होती, त्यामुळे तिचा रंगही फार जुना नव्हता. तिचे वय शोधायचे ते मागच्या डेकवर. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत ब्रिटिशांच्या बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाल्या, आणि त्या धड्यावरून हूडच्या आराखड्यात हजारो टन चिलखत वाढवले गेले. वजन वाढले तसे जहाज पाण्यात खोल बसले, आणि मागचा ठेंगणा डेक वेगात असताना लाटांखाली जाऊ लागला. खलाशी तिला ‘नौदलातली सर्वांत मोठी पाणबुडी’ म्हणत. मॉडेलकाराने पुढच्या डेकचे सागवान फिकट, कोरडे ठेवले आणि मागच्या डेकवर फळ्यांचा रंग किंचित राखाडी, सांध्यांपाशी ओलसर व गडद केला, तर त्या डेकवर जटलंडपासून डेन्मार्क सामुद्रधुनीपर्यंतचा पंचवीस वर्षांचा इतिहास येतो. फळीच्या छटेत कारणांची एवढी लांब साखळी बसवणे ही मला या कलेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

युद्धनौकेच्या गंजाबद्दल आणखी एक सत्य ध्यानात ठेवावे. नौदलाचे जहाज कधीच आपल्या नशिबावर सोडलेले नसते. खरवडणे आणि रंगवणे हे खलाशाचे नित्यकर्म. त्यामुळे गंज दिसतो तो माणसाचा हात पोचत नाही तिथे: साखळीच्या भोकाखाली, डेकचे पाणी बाहेर सोडणाऱ्या छिद्रांखाली, पाणरेषेलगत. बाकी ठिकाणी दिसतात ती ठिगळे, जुन्या करड्यावर नव्या करड्याचे, छटा न जुळलेले चौकोन. वेदरिंगमध्ये गंजाइतकाच मान या ठिगळांना द्यायला हवा. त्यांत जहाजावर राबणारी माणसे दिसतात.

आपल्या किनाऱ्याकडे वळले की तारखेचा हिशेब बदलतो. गुराब आणि गलबत ही मराठा आरमाराची मुख्य लढाऊ जहाजे. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने त्यांचे बारकाईने वर्णन केले आहे. गुराब उथळ बुडाची, रुंद, बहुधा दोन डोलकाठ्यांची, मोठी असेल तर तीन; पुढे निघालेल्या लांब चोचीवरून मारा करणाऱ्या दोन तोफा आडव्या भिंतीतल्या झरोक्यांतून रोखलेल्या. गलबत लहान, क्वचितच सत्तर टनांपलीकडे, चिरलेल्या बांबूंचे हलके डेक आणि चाळीस-पन्नास वल्ही. आता या वर्णनातूनच वेदरिंग काढावे. चोचीवरून तोफा डागल्या जात, म्हणजे दारूची काजळी चोचीच्या फळ्यांवर आणि झरोक्यांच्या कडांवर हवी. वल्ह्यांची जागा ठरलेली, म्हणजे काठावरचे लाकूड ठरावीक अंतरांवर घासून गुळगुळीत झालेले हवे. बांबूच्या डेकवर सागवानाचा पोत दिसला, तर मॉडेलकाराने वर्णन नीट वाचलेले नाही.

आणि मोसम. पावसाळ्यात कोकणातली जहाजे किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवत. त्याच काळात सांध्यांची दुरुस्ती होई, लाकडाला तेल पाजले जाई, बुडाला चुना आणि तेलाचा लेप बसे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होई. म्हणून आश्विनातले गलबत तेलाने काळपट तुकतुकीत आणि बुडाशी पांढरेशुभ्र असायला हवे, तर वैशाखातले उन्हाने करडे पडलेले, बुडाचा चुना पिवळट आणि शेवाळलेला, शिडाच्या शिवणी ताणलेल्या. एकाच साच्यातून काढलेली दोन गलबते अशी दोन वेगळ्या महिन्यांची करता येतात. हूडला रोसाइथची गोदी तशी गलबताला पावसाळा. तारीख काढायची ती तिथपासून मोजून.

आता जलदुर्ग. माझ्या मते या साऱ्या कलेपुढचे सर्वांत अवघड आव्हान मुरूडसमोरच्या समुद्रात उभे आहे. सिद्दीच्या जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. पडकोटाच्या भव्य बुरुजाचा माथा कमळाच्या पाकळ्यांच्या आकाराचा आहे. पण मॉडेलकाराने थांबायचे ते तटाच्या दगडांपाशी. लाटांच्या माऱ्याने आणि खाऱ्या वाऱ्याने इथले दगड झिजून आत गेले आहेत, आणि त्यांच्यामधला चुना मात्र जागच्या जागी ताठ उभा आहे. भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते: चुन्याच्या भिंतींची चौकट, आणि प्रत्येक घरात खोल गेलेला दगड.

मॉडेलकारासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. दगडी भिंत करण्याची रूढ रीत अशी: पृष्ठभागावर सांधे कोरायचे, गडद पातळ रंग वाहू द्यायचा म्हणजे तो सांध्यांत साचतो, आणि मग जवळपास कोरड्या ब्रशने दगडांच्या कडा उजळायच्या. पद्मदुर्गावर ही रीत पूर्ण उलटते. उजेड झेलतो तो चुना. सावली साचते ती दगडावर. खोलीही सारखी नाही, लाटेच्या तोंडावरचा दगड अधिक खोल गेलेला, आडोशाचा कमी. सवयीच्या हाताने केलेला पद्मदुर्ग म्हणून कुठल्याही किल्ल्याची भिंत होतो. हे साधण्याची मला सर्वांत पटणारी रीत म्हणजे दगड मऊ प्लास्टरचे आणि सांधे कठीण एपॉक्सीचे करायचे, सारे सपाट घासायचे आणि मग तारेच्या ब्रशने समुद्राच्या बाजूने घासत राहायचे. मऊ ते झिजते, कठीण ते उरते. मॉडेलकार इथे झीज रंगवत नाही, घडवतो. मूळ भिंतीवर समुद्राने जे केले तेच तो छोट्या प्रमाणात करतो, आणि म्हणून त्या खाचांत कुठेही हाताचा ठरीव ठसा दिसत नाही.

यावर भरती-ओहोटीचे पट्टे येतात. या किनाऱ्यावर उधाणाला पाणी तीन-चार मीटर चढते-उतरते. १:७२ प्रमाणात हा पट्टा सुमारे पाच सेंटिमीटरांचा होतो. खाली कालवांचा खरबरीत थर, त्यावर हिरवे निसरडे शेवाळ, वर तुषारांच्या टप्प्यातला काळपट पट्टा आणि सर्वांत वर उन्हाने फिकटलेला दगड. कालवे चिकटतात ती नियमित भिजणाऱ्या उंचीपर्यंतच. ती त्यापलीकडे दिसली की समुद्राची पातळी चुकली असे समजावे.

इथे एक मोठी चूक वारंवार होते, आणि ती चांगल्या हातांकडूनही होते. पोळे पडलेल्या तटासमोर भगवे निशाण लावलेली गुराब उभी केली जाते. दृश्य भारदस्त दिसते, पण गुराब सतराव्या शतकातली आणि भिंत आजची. महाराजांच्या आरमाराने पाहिलेला पद्मदुर्ग ताज्या घडीव दगडांचा होता. त्याच्या कडा धारदार होत्या, चुना पांढरा आणि दगडाशी समपातळीत होता. सिंधुदुर्गाचेही तेच. १६६४ मध्ये कुरटे बेटावर पायाभरणी झाली, पायात शिसे ओतले गेले, १६६७ मध्ये काम पुरे झाले. त्या वर्षीचा तट दाखवायचा तर तो जवळपास नवा दाखवण्याचे धैर्य हवे. झिजलेला तट करायचा असेल, तर समोर आजची मासेमारी होडी हवी. किल्ला आणि जहाज यांची तारीख एक असली पाहिजे, हा या कलेतला पहिला नियम आहे आणि तो सोपा नाही, कारण झीज आपल्याला भव्य वाटते आणि ती सोडवत नाही.

बिस्मार्कचे संच टामिया, रेव्हेल, ट्रम्पेटर अशा अनेक कंपन्यांनी काढले आहेत. पद्मदुर्गाची भिंत हातानेच घडवावी लागते. दिवाळीत माती, पोती आणि गेरू घेऊन किल्ला करणारी मुले महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहेत, त्यामुळे हाताची कमी नाही. हवी आहे ती नजर: भरतीचे पट्टे मोजणारी, दगड आत गेला की चुना हे तपासणारी, गलबताचा महिना विचारणारी. ती नजर असलेले मॉडेल पाहून मुरूडला गेलेला माणूस पद्मदुर्गाचा तट पूर्वीपेक्षा अधिक पाहतो, आणि मॉडेलकाराच्या कष्टांना यापेक्षा मोठा मोबदला मला सुचत नाही.