भाषांतराचे पहिले पान : चित्रकथांच्या मुखपृष्ठांसंबंधी

चित्रकथांचा विचार आपल्या वाङ्मयचर्चेत फारसा झालेला नाही. आणि जो झाला तोही बहुधा मुलांच्या अभिरुचीविषयीच्या काळजीपोटी झाला. मुखपृष्ठ तर त्या चर्चेतूनही निसटले. ते विक्रेत्याच्या खात्यावरचे, म्हणून टीकाकाराच्या कक्षेबाहेरचे, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः भाषांतरित चित्रकथेच्या बाबतीत मुखपृष्ठाचा प्रश्न हा भाषांतराचाच प्रश्न असतो. आतील चित्रे परक्याची, संवाद भाषांतरकाराचे. मग वरचे चित्र कोणाचे, आणि ते बोलते कोणाशी? गेल्या पाऊणशे वर्षांत कागद बदलला, छपाई बदलली, रंग अधिक भडक आणि मग अधिक गुळगुळीत झाले. परंतु खरा बदल झाला तो या प्रश्नाच्या उत्तरात.

मद्रासहून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गुम्मिडिपूंडी हे गाव लागते. त्याच्यापुढे आरंबाक्कम मागे टाकले की तमिळ मुलूख संपून आंध्र सुरू होतो. अशा सीमेवरच्या पट्ट्यात दोन्ही भाषा कानावर पडतात. आणि १९४७ च्या जुलैमध्ये बी. नागिरेड्डी व चक्रपाणी यांनी मद्रासहून मुलांचे जे मासिक काढले, ते नेमके याच दोन भाषांत एकदम निघाले. तेलुगूत त्याचे नाव ‘चंदामामा’, तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’. वरचे चित्र सामान्यतः एकच. बदलत असे ते नाव. १९५२ साली त्याच घरात मराठी ‘चांदोबा’ जन्माला आला आणि मद्रासेत रंगवलेले चित्र सांगली-साताऱ्याच्या ओसरीवर येऊन पडू लागले.

‘चांदोबा’ हे काटेकोर अर्थाने चित्रकथेचे मासिक नव्हे. त्यात गोष्ट शब्दांतच सांगितलेली असे आणि चित्र तिच्या बाजूला उभे राही. तरीही मराठी मुलाला रंगीत मुखपृष्ठ वाचण्याची सवय लावणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा आहे. वड्डादि पापय्या ऊर्फ ‘वपा’ यांच्या हातची मुखपृष्ठे आठवावीत. एखादी पौराणिक स्त्री, एखादा राजपुत्र, कमळांचे तळे, सायंकाळचा तांबूस प्रकाश. काहीतरी नुकतेच घडून गेले आहे किंवा आता घडणार आहे, पण चित्रात मात्र काहीच घडत नाही. कोपऱ्यातली सही तेलुगू अक्षरांत. मराठी वाचकाला ती म्हणजे केवळ एक वळणदार खूण. या चित्रांना घाई नसे. कोणत्याही एका भाषेचा पोशाख, दागिना वा घर त्यांनी कटाक्षाने आणले नाही, आणि त्यामुळेच ते सर्वांना आपले वाटले. अर्थात या सर्वसमावेशकतेला किंमतही पडली. दीनानाथ दलालांच्या चित्रातील स्त्री ही मराठी म्हणून चटकन ओळखू येते. वपांची स्त्री कोठलीच नसते. ती कथेतल्या ‘फार वर्षांपूर्वी एका नगरात’ या वाक्यातील नगरात राहते.

१९६४ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ली फॉक यांचा ‘फँटम’ हा १९३६ पासून अमेरिकन वृत्तपत्रांत रोज तीन-चार चौकटींनी चालत आलेला. वृत्तपत्रातील पट्टीला मुखपृष्ठ नसते. तिला त्याची गरजच नसते. वाचक तिच्याकडे रोजच्या सवयीने वळतो. पट्ट्या जोडून त्यांचे पुस्तक करावयाचे म्हणजे तिला चेहरा द्यावयाचा. परदेशी प्रकाशकांनी तो आपापल्या परीने दिला होता. मुंबईत तो दिला बी. गोविंद यांनी.

या अंकांचे भाषांतर ही केवळ संवादांची उलथापालथ नव्हती. मूळ कथांतील ‘बेंगाली’ हा प्रदेश येथील वाचकाला आपल्याच बंगालची आठवण देईल, म्हणून त्याचे ‘डेंकाली’ करण्यात आले. ‘सिंग’ नावाचे समुद्री चाचे ‘सिंगा’ झाले. नायकाला ‘वेताळ’ हे नाव मिळाले. या एका शब्दाने किती काम केले पाहा. त्याच काळात ‘चांदोबा’च्या पानांत शंकर यांच्या रेखाटनातला विक्रम राजा खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालला होता. गोष्ट सांगून पुन्हा झाडावर जाऊन लटकणारा तो वेताळ, आणि अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून कवटीच्या गुहेत राहणारा हा वेताळ: दोघांत साम्य जवळजवळ काहीच नाही. तरी त्या नावामुळे परका नायक मराठी पोराच्या भयकल्पनेत आधीच तयार असलेल्या जागेवर येऊन बसला.

गोविंद यांच्या कुंचल्याने हेच काम रंगांत केले. आतल्या पानांवरचे साय बॅरी यांचे रेखाटन काटेकोर, शहरी, काहीसे थंड आहे. मुखपृष्ठावरचा वेताळ मात्र मांसल आणि धिप्पाड. पार्श्वभूमी पुष्कळदा एकाच सपाट रंगाची, चेहऱ्यावर प्रकाश दोन बाजूंनी, शत्रूचे डोळे विस्फारलेले. ही भाषा न्यूयॉर्कची नाही. ती गिरगाव-ग्रँट रोडच्या चित्रपटगृहांवरील फलकांची आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे ज्याने पाहिली होती, त्या मराठी वाचकाला या चित्राचे व्याकरण शिकावे लागले नाही. आतला वेताळ भाषांतरित होता. वरचा वेताळ रूपांतरित होता. १९७६ साली आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ निर्माण केला आणि त्याची चित्रे गोविंद यांच्याकडे आली. भगवा कुडता, निळी जीन्स, चंबळचे दरोडेखोर. मुखपृष्ठाने इतकी वर्षे जे आश्वासन दिले होते ते प्रथमच आतल्या पानांनी पाळले. मुखपृष्ठकार दार उघडून घरात शिरला, असेच म्हणावयाचे. १९९० मध्ये ही मालिका थांबली.

तमिळनाडूत याचीच आवृत्ती शिवकाशीत घडली. आगकाड्या, फटाके आणि दिनदर्शिका यांचे ते गाव. १९७२ साली तेथून ‘मुत्तु कॉमिक्स’ निघू लागले, आणि ‘व्हॅलियंट’ या ब्रिटिश साप्ताहिकात क्रमशः येणारा, हेसूस ब्लास्को या स्पॅनिश चित्रकाराने रेखाटलेला पोलादी हाताचा माणूस ‘इरुंबुक्कै मायावी’ म्हणून तमिळ घरांत पोहोचला. आत काळी-पांढरी, छायाप्रकाशाने भारलेली युरोपीय रेखा. बाहेर दिनदर्शिका छापणाऱ्या गावचा झगमगाट. सुसंस्कृत नजरेला ही विसंगती खटकेल. पण ज्या मुलाने तो अंक विकत घेतला, त्याच्यासाठी स्पेनचा चित्रकार आणि तमिळ वाचक यांच्यामधील पूल तोच होता.

अनंत पै यांच्या ‘अमर चित्रकथे’ची गोष्ट वेगळी. १९६७ मध्ये मुंबईच्या इंडिया बुक हाउसच्या आश्रयाने ती उभी राहिली. येथे कथा आपलीच, तेव्हा मुखपृष्ठाला परकेपणा झाकावयाचा नव्हता. त्याने उलट पूज्यता निर्माण केली. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने १८९४ पासून देवादिकांची जी रूपे घरोघर टांगली, त्यांचा वारसा या मुखपृष्ठांवर सरळ उतरलेला दिसतो. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्यांचे रेखाटनकौशल्य वादातीत आहे. परंतु या मुखपृष्ठांवरील देव गोरे किंवा निळे आणि असुर काळेसावळे, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली की मुलाला ती पुराणातच लिहिलेली वाटावी. वपांच्या चित्रापुढे मूल वाट पाहत असे, गोविंद यांच्या चित्रापुढे ते मूठ आवळी; येथे त्याच्याकडून नमस्काराची अपेक्षा आहे.

त्यानंतर मुखपृष्ठ बोलू लागले ते संग्राहकाशी. अमेरिकेत १९९१ साली ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी निघाला, कथा एक, कातडी पाच, आणि ती सर्व घेणारा ग्राहक हजर. आपल्याकडे हे इतक्या थराला गेले नाही, पण दिशा तीच. जुन्या अंकांचे जाडजूड, कडक बांधणीचे संच निघतात, आणि त्यांचे दर्शनी पान लहान मुलाच्या उंचीवरून नव्हे तर पन्नाशीच्या गृहस्थाच्या कपाटातून पाहावयाचे असते. शिवकाशीच्या ‘लायन-मुत्तु’ अंकांनीही २०१२ नंतर चांगला कागद आणि पूर्ण रंग यांचा स्वीकार केला. लकी ल्यूक वा टेक्स आता अनेकदा आपला मूळ युरोपीय चेहरा घेऊनच तमिळमध्ये येतात. मूळ कृतीशी निष्ठा म्हणून याचे स्वागत होईल, आणि ते अगदीच चुकीचे नाही. ब्लास्कोच्या रेखेवर भडक रंगाचा लेप चढवला जाण्यात मूळ कलावंतावर अन्याय होताच.

परंतु भाषांतरकाराच्या बाजूने पाहिले तर यात एक सहकारी कमी झाला आहे. पूर्वी परक्या कृतीला येथे आणणारे दोघे होते. एक शब्दांत काम करी, दुसरा रंगांत. आणि दुसऱ्याचे काम वाचकापर्यंत आधी पोहोचे. आज अंक पोशाख चढवूनच विमानातून उतरतो आणि भाषांतरकार त्याच्या फुग्यांत मराठी किंवा तमिळ भरतो. गुम्मिडिपूंडीसारख्या सीमेवरच्या गावी ‘चंदामामा’ आणि ‘अंबुलिमामा’ यांचे एकच चित्र दोन्ही भाषांत शोभत असे, कारण ते कोणत्याही एका भाषेसाठी काढलेले नव्हते. लकी ल्यूकचे मुखपृष्ठ मात्र फ्रेंच वाचकासाठीच काढलेले आहे. ‘चंदामामा’ची छपाई २०१३ च्या सुमारास थांबली, वपा १९९२ मध्ये आणि शंकर २०२० मध्ये गेले. भाषांतराच्या इतिहासात मूळ लेखकाचे नाव येते, भाषांतरकाराचे कधीमधी येते. गोविंद यांचे नाव तेथे लिहावयाचे असेल, तर ते चित्रकारांच्या नव्हे, भाषांतरकारांच्या यादीत लिहिले पाहिजे.