रोझमेरी, मिनॉक्सिडिल आणि ‘फरक आढळला नाही’

‘रोझमेरीचं तेल मिनॉक्सिडिलइतकंच काम करतं, तेही साइड इफेक्टशिवाय, हे संशोधनाने सिद्ध झालंय.’ हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल तर तुमच्या फोनमध्ये नेट नाही असं समजायला हरकत नाही. मी वनस्पतिजन्य रसायनांवर काम करते हे नातेवाइकांना कळल्यापासून लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला याच तेलाबद्दल विचारतात. ‘संशोधनाने’ म्हणजे नक्की कुठल्या, असा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपण एकाच शोधनिबंधापाशी पोचतो. २०१५ साली ‘स्किनमेड’ या त्वचारोगाच्या नियतकालिकात आलेला, इराणमधल्या पनाही आणि सहकाऱ्यांचा. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा नीट वाचावा. निबंध टाकाऊ आहे म्हणून नव्हे, तर त्यातलं एक साधं वाक्य बाहेर पडताना केवढं बदललं ते समजावं म्हणून.

आधी काय केलं ते बघू. अ‍ॅन्ड्रोजेनेटिक अ‍ॅलोपेशिया, म्हणजे आनुवंशिक टक्कल, असलेले १०० पुरुष घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिकपणे दोन गट पाडले, प्रत्येकी ५०. एका गटाला रोझमेरीचं लोशन, दुसऱ्याला २ टक्के मिनॉक्सिडिल. कालावधी सहा महिने, तपासणी दर तीन महिन्यांनी, टाळूचे सूक्ष्म फोटो काढून केसांची मोजणी. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय बदल नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सुरुवातीपेक्षा वाढ. आणि दोन गटांची एकमेकांशी तुलना केली तर लक्षणीय फरक नाही.

‘लक्षणीय फरक नाही’ याचं बाहेर ‘सारखेच आहेत’ झालं. माझ्या मते सगळी गोची इथे आहे.

आपण एमएस्सीला टी-टेस्ट शिकतो तेव्हा पी-मूल्य ०.०५ च्या वर गेलं की ‘फरक नाही’ असं लिहून मोकळे होतो. पण त्या चाचणीने एवढंच सांगितलेलं असतं की फरक असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती घेऊन सुई शोधली आणि सापडली नाही, तर सुई तिथे नाहीच असं म्हणता येत नाही. मेणबत्ती केवढी होती हे विचारावं लागतं. चाचणीची ही मेणबत्ती म्हणजे सहभागींची संख्या आणि आकड्यांची पसरण.

आता आकडेच घेऊ. रोझमेरी गटाची केसांची सरासरी साधारण १२३ वरून १३० वर गेली. मिनॉक्सिडिल गटाची १३८ वरून १४१ वर. प्रमाण विचलन मात्र एका गटात ५० च्या आसपास आणि दुसऱ्यात ३८ च्या आसपास. म्हणजे माणसामाणसांत फरक प्रचंड, आणि त्या मानाने औषधाने झालेला बदल चिमूटभर. कागद-पेन्सिल घ्या. ५० चा वर्ग भागिले ५०, अधिक ३८ चा वर्ग भागिले ५०, आणि बेरजेचं वर्गमूळ. उत्तर साधारण ९ येतं. ही दोन सरासरींमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी. तिच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे दोन्ही बाजूंना १७-१८ केस, एवढी ९५ टक्के विश्वासमर्यादा. शेवटी दोन गटांत ११ केसांचा फरक होता. म्हणजे खरा फरक मिनॉक्सिडिलच्या बाजूने २८-२९ केसांचाही असू शकतो, किंवा रोझमेरीच्या बाजूने ६-७ केसांचाही. औषधाने झालेली वाढ २ ते ७ केसांची, आणि आपली मोजपट्टी एवढी सैल! अशा मोजपट्टीने ‘फरक नाही’ आला नसता तरच नवल.

शिवाय सुरुवातच सारखी नव्हती: एक गट १२३ वर, दुसरा १३८ वर. यादृच्छिक वाटपातही असं होतं, तो काही गुन्हा नाही. पण मग तुलना शेवटच्या आकड्यांची न करता प्रत्येकाच्या स्वतःच्या बदलाची करायची, किंवा सुरुवातीचा आकडा प्रतिमानात घेऊन करायची. तसं केलं की माणसामाणसांतली ती मोठी पसरण बरीचशी बाजूला पडते आणि मोजपट्टी घट्ट होते. तुमच्या डेटात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने असतील तर गाइडने विचारायच्या आत हे करून ठेवा.

दोन औषधं सारखी आहेत असं दाखवायचंच असेल तर त्यासाठी वेगळी रचना असते. तिला समतुल्यता चाचणी किंवा ‘कमी नाही’ चाचणी म्हणतात. त्यात चाचणी सुरू व्हायच्या आधीच ठरवून जाहीर करायचं असतं, की जुन्या औषधापेक्षा नवं औषध अमुक इतकं मागे असलं तरी चालेल, त्याहून जास्त नाही. मग त्या सीमेवरून सहभागींची संख्या काढायची. ‘फरक सापडला नाही’ म्हणून नंतर समतुल्यतेचं लेबल चिकटवता येत नाही.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सहसा कोणी काढत नाही, तो मिनॉक्सिडिल गटाचा. १३८ वरून १४१. जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास वाढ. हे औषध मुळात रक्तदाबाचं. त्याने अंगावर केस वाढतात हे लक्षात आल्यावर टाळूवर लावायचं झालं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत २ टक्के द्रावणाला पुरुषांच्या टक्कलासाठी मान्यता मिळाली. पुढे ५ टक्के आलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑल्सन आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत ३९३ पुरुषांवर ५ टक्के, २ टक्के आणि प्लासिबो अशी तिहेरी तुलना झाली. ४८ आठवड्यांनी ५ टक्केवाल्यांमध्ये २ टक्क्यांपेक्षा ४५ टक्के जास्त केस उगवले होते. म्हणजे मुळात रोझमेरीची गाठ घातली ती दुबळ्या मात्रेशी. आणि त्या चाचणीत तीही फारशी चाललेली दिसत नाही.

समजा, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाइतकेच गुण मला मिळाले. मोठी गोष्ट. पण त्या दिवशी तो तापाने फणफणलेला होता आणि त्याला ३६ मिळाले होते, हे कळल्यावर? औषध नियमनाच्या भाषेत याला चाचणीची संवेदनक्षमता म्हणतात: ही चाचणी चालणारं औषध न चालणाऱ्यापासून वेगळं ओळखू शकते का? आयसीएचच्या ई-१० या मार्गदर्शक सूचनेत, म्हणजे तुलनागट कसा निवडावा यावरच्या दस्तऐवजात, यावर सविस्तर विवेचन आहे. क्लिनिकल संशोधनात जायचं असेल तर तो जरूर चाळा, भाषा रुक्ष असली तरी. यावर सोपा उपाय म्हणजे तिसरा, प्लासिबोचा गट. या चाचणीत तो नाही. त्यामुळे सहा महिने टाळू चोळल्याने, ऋतू बदलल्याने, किंवा मोजणीतल्या चढउतारानेच दोन्हीकडे थोडी वाढ दिसली, ही शक्यता आपण नाकारू शकत नाही. रोझमेरीचा वास लपत नाही, तेव्हा कोणाला काय मिळालंय हे झाकून ठेवणंही अवघडच.

लेखकांच्या बाजूनेही बोलायला हवं. वनस्पतिजन्य औषधांच्या चाचण्यांत यादृच्छिक वाटप, प्रत्यक्ष केसांची मोजणी आणि सहा महिन्यांचा पाठपुरावा हे तिन्ही एकत्र सहज दिसत नाही. शिवाय लोशन १,८-सिनिओलच्या प्रमाणावर प्रमाणित केलेलं होतं. आमच्या क्षेत्रात ‘अर्क’ म्हणून काहीही वापरलं जातं, त्या मानाने हे बरंच बरं. आणि ‘साइड इफेक्ट नाहीत’ असं ते म्हणतच नाहीत. सारांशातच लिहिलंय की टाळूची खाज दोन्ही गटांत सुरुवातीपेक्षा लक्षणीय वाढली. मिनॉक्सिडिल गटात ती जास्त होती, हे खरं. पण मिनॉक्सिडिलच्या द्रावणांत बहुधा प्रॉपिलिन ग्लायकॉल असतं आणि ते स्वतःच खाज आणतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

या दाव्याला दोन टेकू दिले जातात, तेही बघून घेऊ. एक, १९९८ चा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा अभ्यास. त्यात ४३ पैकी १९ जणांना गुण आला, नियंत्रण गटात ४१ पैकी ६ जणांना. आकडे छान आहेत. पण तेल रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर आणि सीडरवूड यांचं मिश्रण होतं, आणि आजार अ‍ॅलोपेशिया अ‍ॅरियाटा, म्हणजे आपण ज्याला चाई म्हणतो तो. तो रोगप्रतिकारशक्तीचा घोळ असतो आणि त्यात केस आपोआपही परत येतात. आनुवंशिक टक्कलाशी त्याचा संबंध नाही.

दुसरा टेकू २०१३ चा जपानी उंदरांवरचा. रोझमेरीच्या पानांच्या अर्काने ५-अल्फा रिडक्टेज हे विकर रोखलं. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीमध्ये रूपांतर करणारं हेच ते विकर, फिनास्टेराइड ज्याच्यावर काम करतं. ऐकायला फार आकर्षक. पण अर्क होता ५० टक्के अल्कोहोलमधला, आणि क्रियाशील म्हणून पुढे आलेला रेणू होता १२-मिथॉक्सिकार्नोसिक आम्ल. हे डायटर्पीन वर्गातलं जड संयुग. वाफेच्या ऊर्ध्वपातनाने जे सुगंधी तेल निघतं त्यात प्रामुख्याने हलकी, उडून जाणारी संयुगं येतात: सिनिओल, कापूर, अल्फा-पायनिन. कार्नोसिक आम्ल आणि त्याचे भाऊबंद मागे चोथ्यातच राहतात. म्हणजे उंदरांवर एक पदार्थ तपासला आणि बाटलीत दुसराच विकला जातोय. घरी पानं उकळून केलेलं ‘रोझमेरी वॉटर’ हा तर तिसराच पदार्थ. एकाच झाडाचं नाव असल्यामुळे हे कोणाला खटकत नाही.

सुगंधी तेलातही एकच प्रकार नाही. जागेनुसार कापूरप्रधान, सिनिओलप्रधान, व्हर्बिनोनप्रधान असे रसायनप्रकार मिळतात, आणि सुरक्षिततेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. स्वयंपाकात पानं वापरली तर काळजीचं काही नाही. रोझमेरीचा अर्क युरोपात ई-३९२ या क्रमांकाने, तेल खवट होऊ नये म्हणून, अधिकृतपणे खाद्यपदार्थांत घालतात. युरोपियन औषध संस्थेच्या वनौषधी समितीनेही पानं अपचनासाठी आणि तेल बाहेरून सांधे-स्नायूंच्या किरकोळ दुखण्यासाठी मान्य केलंय. मात्र ही ‘पारंपरिक वापर’ या वर्गातली मान्यता आहे. तिला किमान ३० वर्षांच्या वापराचा इतिहास लागतो, परिणाम सिद्ध करणारी चाचणी लागत नाही. केसांचा उल्लेख त्यात नाही.

सुगंधी तेल मात्र पानांसारखं सौम्य नसतं. ते खोबरेल किंवा तसल्या तेलात पातळ केल्याशिवाय टाळूला लावू नये, आणि पोटात तर घेऊच नये. कापूर पोटात गेल्यावर लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात जुन्या आहेत, म्हणून अपस्मार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ कुठलंही कापूर-सिनिओलवालं तेल नको. रोझमेरीची स्पर्शजन्य अ‍ॅलर्जीही नोंदलेली आहे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघा.

पण मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्या नुकसानाची. आनुवंशिक टक्कल हळूहळू वाढत जातं, आणि मिनॉक्सिडिल थांबवलं की त्याने टिकवलेले केस काही महिन्यांत गळतात. पंगतीत मला विचारणाऱ्यांपैकी एका चुलतभावाने ‘नैसर्गिक पर्याय’ मिळाला म्हणून चालू औषध बंद केलं होतं. त्याला मी आकडेमोड दाखवायच्या फंदात पडले नाही. ‘तेल लावायचं तर लाव, वास छान येतो, पण औषध डॉक्टरांना विचारून मगच सोड,’ एवढंच सांगितलं.