काठावरची भाषा : मराठी प्रवासवर्णनातील बेट

मराठी माणूस डोंगर चढू लागला की त्याची भाषा त्याच्यापुढे दोन पावले चालते; तोच समुद्रात उतरला की ती काठावर बसून त्याच्या वहाणा राखते. आपल्या प्रवासवर्णनाविषयीचे हे विधान कोणास कठोर वाटेल, म्हणून त्याची थोडी तपासणी करणे आवश्यक आहे. त्यास निमित्तही आहे. हैदराबादेतील आपल्या जुन्या मराठी घरांतील मुले-नातवंडे अमेरिकेत स्थिरावली आणि तिकडे गेलेल्या ज्येष्ठांच्या मुक्कामात कॅरिबियन बेटांची जलसफर हा एक नेहमीचा टप्पा होऊन बसला. 1971 साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली, सुनील गावसकरांनी आपल्या पहिल्याच दौऱ्यात 774 धावा काढल्या, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेन, बार्बाडोस ही नावे आपल्या घरांत शिरली. आज त्याच बेटांवर आपली माणसे स्वतः जाऊन येतात आणि परतल्यावर हौसेने लिहितात. ही हौस स्वागतार्ह आहे. प्रश्न आहे तो त्या लेखनाचा.

अशा लेखांत वर्णिलेले उद्योग काही कमी साहसाचे नसतात. कोणी तोंडाला नळी लावून प्रवाळांवरून पोहून आलेला असतो, कोणी दोराला लटकून रानाच्या माथ्यावरून सरकत गेलेला असतो, कोणी ज्वालामुखीचा डोंगर चढलेला असतो. परंतु लेखातील क्रियापदे वेगळी काढून पाहावीत. ‘पाहिले’, ‘दिसले’, ‘वाटले’, ‘छायाचित्र घेतले’ यांपलीकडे सहसा काही हाती लागत नाही. विशेषणेही ठरलेली : पाणी निळेशार, वनराई हिरवीगार, देखावा नयनरम्य, अनुभव अविस्मरणीय. खारे पाणी नाकात गेल्यावर काय झाले, खोल जाताना कानांवर दाब कसा आला, पायाखालची वाळू लाटेबरोबर कशी सरकली, नाव वल्हवताना खांदे कुठे भरून आले, यांबद्दल अवाक्षर नसते. शरीर पाण्यात होते. लेखणी जहाजाच्या कठड्याशी उभी होती.

याउलट सह्याद्रीकडे पाहावे. माची, बालेकिल्ला, नाळ, घळ, खिंड, सोंड, सुळका, नेढे, घसारा, ढोरवाट असे कितीतरी शब्द गिर्यारोहणाची पुस्तके येण्यापूर्वीच मराठीत होते. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांवर लिहिले तेव्हा हे शब्द त्यांना कोशातून आणावे लागले नाहीत. गडाखालच्या वाडीतील माणसाबरोबर चालताना ते त्यांच्या वाक्यांत आले. मारुती चितमपल्लींनी हेच रानाच्या बाबतीत केले. वनाधिकारी म्हणून जगत असताना वनवासींच्या तोंडचे शब्द त्यांनी टिपले आणि जिथे शब्द नव्हता तिथे ‘सारंगागार’, ‘काकागार’ यांसारखे शब्द रूढ केले. या दोघांच्या लेखनाचे बळ केवळ निसर्गप्रेमात नाही. निसर्गप्रेम पुष्कळांकडे असते. ज्या माणसांचे त्या भूमीवर पोट आहे त्यांच्याकडून भाषा घेण्याची नम्रता त्यांच्यापाशी होती.

मग समुद्राच्या बाबतीत असे का झाले नाही? उत्तराचा काही भाग आपल्या सामाजिक इतिहासात आहे. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या रूढीचा पगडा लिहित्यावाचत्या वर्गावर दीर्घकाळ होता. सावरकरांनी हिंदू समाजाच्या ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. त्याच सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मधून उष्ण कटिबंधातील बेट मराठी वाचकाच्या मनात सर्वाधिक ठसले, आणि ते आले तुरुंग म्हणून. 1911 ते 1921 या काळात अंदमानात कोलू ओढणाऱ्या बंदिवानाला तेथील रान आणि किनारा मनसोक्त भटकायला उपलब्ध नव्हता, हे उघडच आहे. बेट म्हणजे काळे पाणी, हा संस्कार मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

समुद्रावरच्या आपल्या दोन सर्वांत प्रसिद्ध कविताही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. ‘सागरा प्राण तळमळला’ ही 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर जन्मली. तिच्यातील सागर मायभूमी आणि पुत्र यांच्यामध्ये उभा आहे. ‘विशाखा’तील कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ तर कॅरिबियनच्याच वाटेवरचे. तिथे सागर हा आव्हान देण्याचा प्रतिस्पर्धी आहे. दोन्ही कवितांचे मोठेपण वादातीत आहे. पण एका कवितेत समुद्र विरहाचे कारण आहे आणि दुसरीत तो पराक्रमाचे. पोहण्याचे, बुडी मारण्याचे, जाळे टाकण्याचे पाणी दोन्हींत नाही. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पूर्वरंग’मध्ये बालीचे बेट येते ते नृत्य-संगीतात रमलेल्या माणसांचे बेट म्हणून; आणि पु. लं.नी आपल्या आवडीपलीकडे काही दाखवण्याचा आवही आणलेला नाही. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी मात्र त्यांचा विनोद उचलला आणि माणसांत मिसळण्याची त्यांची रीत सोडून दिली.

यावर असा आक्षेप घेता येईल की मराठीत समुद्राची भाषाच तोकडी आहे. लेखक काय करणार? हा आक्षेप टिकत नाही. पुळण, खाजण, उधाण, भांग, रापण, डोलकाठी, मचवा, गलबत, तांडेल, नाखवा हे सारे शब्द मराठीच आहेत. ते कोळी आणि गाबितांच्या वस्तीत राहिले, त्यांना पांढरपेशा गद्यात घर मिळाले नाही. प्रवाळाचेच पाहा. मालवणच्या समुद्रात जिवंत प्रवाळ आहेत, तेथील सुमारे 29 चौरस किलोमीटरचे क्षेत्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले, तारकर्लीस आज पाणबुडीचे शिक्षण मिळते. पण आपल्या घरांत प्रवाळाची ओळख मंगळासाठी बोटात घातलेल्या पोवळ्यापुरतीच राहिली. हा केवळ शैलीचा प्रश्नही नव्हे. उधाण आणि भांग यांतला फरक, ओहोटीच्या पाण्याची ओढ, हे ज्याच्या कानांवरून कधी गेले नाही, असा देशावरचा पाहुणा कोकणाच्या किनाऱ्यावर जीव गमावतो, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो.

आता कॅरिबियन बेटांकडे वळू. या बेटांच्या मूळ रहिवाशांपैकी टाइनो लोकांची भाषा नामशेष झाली, तरी तिचे शब्द जगभर गेले. हरिकेन, कनू, हॅमॉक, बार्बेक्यू हे शब्द त्या बेटांवरचे. वादळाला नाव त्याच्याशी झुंजणाऱ्याने दिले, होडीला ती कोरणाऱ्याने. डॉमिनिका या बेटाच्या नावाची कथा तर आपल्या विषयाचे मर्मच सांगते. 1493 च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाला ते बेट रविवारी दिसले, म्हणून त्याने त्याला रविवारचे नाव दिले. तेथील कालिनागो लोकांचे नाव होते ‘वाइतुकुबुली’. म्हणजे ‘तिचा देह उंच आहे’. जहाजावरून पाहणाऱ्याला वार आठवला आणि डोंगर चढणाऱ्यांना देह जाणवला. आज याच नावाची, चौदा टप्प्यांची, सुमारे 185 किलोमीटरची पायवाट त्या बेटावर आहे. तेथील सर्वोच्च शिखर 1,447 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून दोनशे मीटरने कमी. सह्याद्रीत हिंडलेल्या मराठी लेखकाला ही चढण परकी वाटण्याचे कारण नाही. घसारा तिथेही असतो, घळ तिथेही असते. आपला शब्दसंग्रह तो विमानतळावर सोडून येतो, एवढेच.

सेंट लुसियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांना 1992 साली नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘ओमेरॉस’ (1990) या महाकाव्याच्या आरंभी एक मच्छीमार पर्यटकांना सांगतो आहे की होड्यांसाठी झाडे कशी तोडली गेली. रचना लक्षात घ्यावी. पर्यटक काव्यात आहे, पण श्रोता म्हणून. सांगण्याचा अधिकार होडी करणाऱ्याचा आहे. आपल्या बेटवर्णनांत नेमके उलटे घडते. तिथला वाटाड्या, नावाडी, पाण्यात हात धरून नेणारा पोरगा हे सारे ‘हसतमुख’ या एका विशेषणात आटोपतात, त्यांचे बोलणे लेखात येत नाही. वॉलकॉट यांनी नोबेल व्याख्यानाची सुरुवात त्रिनिदादमधील फेलिसिटी या गावच्या रामलीलेने केली. 1845 पासून ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची ती रामलीला. आपण तिच्याकडे नाटक म्हणून पाहिले, करणाऱ्यांसाठी ती श्रद्धा होती, असे त्यांनी तिथे मोकळेपणाने नोंदवले. पाहण्यातली ही त्रुटी ओळखता येणे हाच प्रवासलेखकाचा पहिला गुण होय.

तुलनेसाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. त्रिनिदादच्या मातुरा किनाऱ्यावर चामडी पाठीची प्रचंड कासवे रात्री अंडी घालण्यास येतात. एकेकाळी त्यांची कत्तल होई. 1990 पासून तेथील गावकरीच त्यांची राखण करतात आणि पाहुण्यांना अंधारात, हलक्या पावलांनी नेऊन दाखवतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने हेच केले. तिथे कासवांची घरटी जपली जातात आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात. मातुरा पाहून आलेल्या मराठी लेखकाने वेळास आठवले असते, तर त्याच्या लेखास दुसरा किनारा मिळाला असता. दोन गावांच्या राखणदारांची दिनचर्या शेजारी ठेवली की ‘अविस्मरणीय’ हा शब्द लिहावाच लागत नाही.

आपण हैदराबादकर समुद्रापासून दूर राहतो, ही सबब मात्र देऊ नये. आपल्या नल्लकुंट्याचे नावच पाण्याचे आहे. तेलुगूत त्याचा अर्थ काळे तळे. बाजार, दवाखाने आणि सदनिकांच्या दाटीत ते पाणी नावापुरते उरले आहे. तरी कुंट म्हणजे लहान तळे, चेरुवु म्हणजे बांध घातलेला तलाव, वागु म्हणजे ओढा, लंक म्हणजे गोदावरीच्या पात्रातले बेट, गुट्ट म्हणजे टेकडी, हे भेद चार-पाच पिढ्या इथे नांदलेल्या आपल्या घरांना ठाऊक आहेत. मराठीतही कोपरगावासारख्या नदीकाठी ‘बेट’ आहे, आणि बांबूचेही ‘बेट’च असते. पाण्याचे आणि खडकाचे शब्द दोन भाषांतून आपल्यापाशी आले. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ते सहजी लाभणारे नाहीत.

म्हणून अशा सफरींवर यापुढे लिहिणाऱ्यांकडे एवढीच अपेक्षा आहे. जिथे पाण्यात उतरलात तिथले एक तरी नाव, तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकलेले, घेऊन या. त्याच्याशेजारी आपला मराठी किंवा तेलुगू शब्द ठेवा. आणि अंगावर काय झाले ते लिहा. अमेरिकेतली नातवंडे आजी-आजोबांबरोबर त्याच पाण्यात पोहली आहेत. ‘नयनरम्य’ वाचून ती हसतात आणि पान उलटतात. ‘उधाण’ वाचून ती अर्थ विचारतील.