संकलनाचे प्रयोजन

सामाजिक सामग्रीच्या मुक्त संकलनाविषयी अलीकडे जी चर्चा होते, तीत 'सर्वांस खुले' हे विशेषणच प्रयोजनाच्या जागी बसविले जाते. वस्तुतः खुलेपणा ही वितरणाची रीत होय. सामग्री कशासाठी जमवावयाची, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. हा भेद सुटला म्हणजे काय घडते, हे पाहण्यास खानदेशातील अहिराणीचे उदाहरण पुरेसे आहे.

जनगणनेत अहिराणीचा अंतर्भाव 'खानदेशी' या शीर्षाखाली होतो. या शीर्षाखाली २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार, तर २०११ साली सुमारे १८ लाख ६० हजार भाषक नोंदले गेले. हे आकडे कोणासही पाहता येतात. परंतु दोन लाखांची ही घट बोलणारे उणावल्यामुळे झाली, की घरात अहिराणी बोलणाऱ्यांनी मातृभाषा 'मराठी' अशी सांगितल्यामुळे, याचा निर्णय त्यांवरून होत नाही. गणकाने उत्तर टिपले. बोलणे ऐकले नाही. हा जनगणनेचा दोष नव्हे. एवढ्याच आधारावर बोलीच्या ऱ्हासाचा सिद्धान्त मांडणे, हा मात्र अभ्यासकाचा दोष होय.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेल्या बोली-सर्वेक्षणात प्रत्यक्ष बोलणे ध्वनिमुद्रित झाले आहे. तेथे रूपे ऐकू येतात, पण भाषकांची संख्या कळत नाही. शिवाय जनगणना जिला स्वतंत्र भाषा गणते, तिचा विचार हे सर्वेक्षण मराठीच्या बोलीरूपांत करते. अशी दोन संकलने एका कोष्टकात ओतली, तर सामग्री वाढेल. ज्ञान वाढेलच असे नाही.

या बाबतीत धुळ्याजवळ स्वतःचा पूर्वादर्श आहे. ज्यांच्या स्मरणार्थ १९२७ साली येथे संशोधन मंडळ स्थापन झाले, त्या वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले. त्यांनी केवळ निष्कर्ष न देता मूळ पत्रे छापली. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष अमान्य करणाऱ्यासही आधार त्यांच्याच खंडांत शोधता आला. संकलनाचे प्रयोजन इतिहासाचे होते. तरी पत्रे जशीच्या तशी राहिल्याने भाषेच्या अभ्यासकालाही जुन्या गद्याची रूपे तेथे सापडली.

तात्पर्य, प्रयोजन निश्चित असणे आणि सामग्री इतरांच्या उपयोगी पडणे, यांत विरोध नाही. कोणत्या प्रश्नासाठी, कोणाकडून, कोणत्या परिस्थितीत नोंद घेतली, हे नोंदीबरोबरच सांगणे आणि मूळ नोंद अखंड राखणे, एवढ्या दोन अटी पाळल्या तरच 'मुक्त' या शब्दास अर्थ येतो. उद्या धुळे-जळगावच्या खेड्यांत ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यास एखादी वृद्धा "हे कशाला पाहिजे?" असे विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर तिला समजेल अशा एका वाक्यात देता येत नसेल, तर संकलनाचे प्रयोजन अद्याप ठरलेले नाही, असेच समजावे.