वणंदची पोर कुठं गेली?

रात्रपाळी सुटल्यावर झोप येत नाही, तेव्हा वाचतो. रणजित देसाईंची 'स्वामी' तशीच वाचली. १९६२ ची कादंबरी, साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालेली. शेवटी माधवराव पेशवा थेऊरला मरतो आणि रमाबाई सती जाते. साल १७७२. वाचणारा रडतो. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. मग स्वतःचाच राग आला. जिवंत बाई जळते आणि मला ते सुंदर वाटतं? ही त्या लेखणीची ताकद, आणि तीच तिची लबाडी.

मित्रहो, आपलीही एक रमा आहे. तिच्यावर आपल्या लोकांनी गाणी रचली, नाटकं केली. यशवंत मनोहरांसारख्या कवीनं 'रमाई' कादंबरी लिहिली. पण दर २७ मेला, तिच्या स्मृतिदिनी, पडेगावात आम्ही गाणी-नाटुकली ऐकत बसतो तेव्हा एक गोष्ट सलते. बहुतेकांत ती पहिल्या ओळीपासून आईच असते. पोर कधी नसतेच.

आता हकीकत बघा. जन्म १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंदचा. बाप भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहायचा. आधी आई गेली, मग बाप. पोरक्या भावंडांना चुलत्या-मामानं मुंबईला भायखळ्याला आणलं. १९०६ च्या सुमारास तिचं लग्न तिथल्याच मार्केटात लागलं. रात्री, बाजार उठल्यावर. वऱ्हाड बसलं दगडी ओट्यांवर, खालनं गटाराचं पाणी. पहाटे बाजार भरायच्या आत सगळं आवरलं. नवरी आठ-नऊ वर्षांची!

अरे, कादंबरी इथं आहे. बाप गेल्यावर धाकट्या शंकरला कोण भरवत होतं? परक्या शहरात, दुसऱ्याच्या चुलीवर, ती पोर कुणावर चिडली, कुणाला उलटून बोलली? याचे कागद नाहीत म्हणतात. पेशव्याचं नि रमाबाईचं शेजघरातलं बोलणं तरी कुठल्या दप्तरात होतं? देसाईंनी ते कल्पनेनंच लिहिलं ना. पेशवीणबाईला कल्पना चालते आणि हमालाच्या पोरीला पुरावा लागतो, हा कुठला न्याय?

आणि प्रस्थापितांना काय बोलायचं, आपलेच लेखक हे पान घाईनं उलटतात. पुढं थेट गोवऱ्या, उपास, त्याग. चार लेकरं गेली, राजरत्न १९२६ ला. नवरा शिकायला परदेशी. दुःख खरंच आहे. पण ते सोसायची ताकद त्या बाईत आली कुठनं? बाबासाहेबांना ठाऊक असणार. १९४० च्या पाकिस्तानवरल्या ग्रंथाची अर्पणपत्रिका वाचा. तिथं ती देवी नाही. वाईट दिवसांत डोकं थंड ठेवून बरोबर उभी राहिलेली बाई आहे.

पंढरपूरचंच घ्या. तिला जायचं होतं. बाबासाहेबांचं उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे. तिचा हट्ट कुणी लिहिला? हट्ट करणारी रमाई आपल्याला झेपत नाही म्हणा की. मग 'स्वामी'तल्या रमाबाईत आणि आपल्या गाण्यातल्या रमाईत फरक काय उरला? तिला चितेवर चढवली, हिला मखरात बसवली.

माझी आजी आई-बापाविना वाढलेली. तिच्यापुढं मी एकदा माझंच रमाईवरचं गाणं म्हटलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "गाणं ब्येस हाय रं. पर ती ल्हान व्हती तवा जेवायची कुठं, त्ये सांग की."

मी ते गाणं अजून कुठं छापायला दिलेलं नाही.