हडळीची बाजू कोण मांडणार?

2024 साली मराठी भुतांना चांगले दिवस आले. आदित्य सरपोतदार यांच्या हिंदी ‘मुंज्या’ने कोकणातल्या पिंपळाखालचे भूत थेट पुण्यात आणून सोडले. नारायण धारपांच्या कथाविश्वातून स्फुरलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ सहा वर्षांनी पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. या यशाचा आनंद आहेच, पण ‘मुंज्या’ने मनात एक ठसठसही ठेवली. लग्नाच्या हट्टाने पेटलेला मुंज्या शहरात पोचतो, गल्लीबोळ आणि घरे पालथी घालतो. ज्या मुलीवर, बेलावर, त्याचा डोळा असतो ती मात्र त्या हट्टाचे निमित्त होऊन राहते. वासना मुंज्याची आणि भीती नायकाची. तिच्या वाट्याला फक्त सुटका येते. हे एकट्या सिनेमाचे दुखणे असते तर सोडून देता आले असते. ते आपल्या कथा-कादंबरीतूनच तिकडे गेले आहे.

मराठी मुलखातली भुते एकदा नजरेखालून घालावीत. मुंज्या, वेताळ, गिऱ्हा सोडले तर मनात घर करून बसलेल्या बहुतेक बायका आहेत. बाळंतपणात गेलेली किंवा इच्छा मागे ठेवून मेलेली हडळ, जखीण, पाणवठ्यावरच्या सातीआसरा, रात्री दाराशी येऊन नावाने हाक मारणारी आणि ओ देईल त्याला नेणारी हाकामारी. ज्यांचे जिवंतपणी कोणी ऐकले नाही अशा बायकांची ही मोठी वस्तीच आहे. आणि आपली भयकथा या बायकांची गोष्ट सांगते कुठून, तर दाराच्या आतून, घाबरलेल्या पुरुषाच्या किंवा पोराच्या कानांनी. रत्नाकर मतकरींनी ‘खेकडा’पासून भय मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणले, हे काम मोठेच आहे. हृषीकेश गुप्ते यांनी ‘हाकामारी’ला लघुकादंबरीचा विषय केले आणि या प्रकाराला वाङ्मयीन भाषा पुन्हा मिळवून दिली, तेही मोलाचे. विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’त (2017) तर गरोदर बाईच केंद्रस्थानी आहे, पण घाबरण्यासाठी तिला शहर सोडून उसाच्या फडात जावे लागते. ऑडिओवर सध्या जो भयकथांचा पूर आहे त्यात आवाज फार आणि गोष्ट थोडी. देशीवादी कादंबरीने लोकपरंपरा जपून कपाटात मांडली. त्या परंपरेला दात आहेत हे मात्र ही कादंबरी विसरली. दुसऱ्या अंगाला गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे यांच्या शहरी नायिका. त्यांनी मराठी बाईला स्वतःच्या खोलीत बसून विचार करायला शिकवले, आणि त्या खोलीत आजीच्या गोष्टींना जागा ठेवली नाही.

लोकपरंपरा आणि स्वतः विचार करणारी बाई हे दोन धागे जिथे एकमेकांना भिडतात ते मराठीतले थोडके लेखन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘रात्र काळी, घागर काळी’त (1962) बाईच्या देहाभोवती गावाची श्रद्धा, पाप आणि भय असे गुंडाळले जाते की दैवी काय आणि माणसांनी लादलेले काय हे वेगळे काढता येत नाही. कमल देसाईंनी ‘काळा सूर्य’मध्ये त्यापुढे पाऊल टाकले. काळ्या सूर्याच्या देवळाच्या सावटाखालचे गाव आणि त्याच्याशी झुंजणारी, स्वतःच बोलणारी बाई. तिथे भय बाहेरून चालून येत नाही. नायिका त्याच्याशी वाद घालते, त्याच्या आत शिरते, ते आपले करून घेते. जयंत पवारांनी ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मध्ये गिरणगावाची अशी दंतकथा रचली की महानगरालाही पिशाच्चे असतात हे मान्य करावे लागते. कमल देसाईंची बाई पवारांच्या शहरात उतरवली तर जी कादंबरी होईल ती मराठीला हवी आहे. तिचे सामान शोधायला लांब जायला नको.

सोलापूरचेच घ्या. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरली. ते योगी, त्यांनी तिचे लग्न आपल्या योगदंडाशी लावून दिले आणि नंतर ती अग्नीत गेली, अशी आख्यायिका आहे. दर जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना वळसा घालतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि संक्रांतीला बाजरीच्या पेंढीला ती कुंभारकन्या मानून, साडी नेसवून, नवरीसारखी सजवून होम मैदानावर अग्नी दिला जातो. हे एखाद्या आडगावात घडत नाही. 1877 साली पहिली कापडगिरणी उभी राहिलेल्या शहराच्या ऐन मधोमध, विजेच्या तारांखाली, पाळण्यांच्या आणि भेळेच्या गाड्यांच्या शेजारी घडते. त्या गर्दीत आईचा हात धरून उभी असलेली मुलगी दहा-बारा वर्षांनी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाते, कॉट बेसिसवर राहते, रात्रपाळी करून परतते. कंपनीत तिला रोज कशाकशाला संमती द्यावी लागते. ती पेंढी तिच्या मनात कुठे जाते? हा प्रश्न मराठी कादंबरीच्या चर्चेत येतच नाही. श्रद्धाळूंच्या दृष्टीने ते लग्न पवित्र आहे आणि कादंबरीकाराने ते पवित्र मानूनच त्यात शिरावे; पण त्या कुंभारकन्येला काय वाटले हे विचारण्याचा हक्क कादंबरीचाच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ज्या महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे असल्या भुताखेतांना साहित्यात थारा कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण बाण चुकीच्या जागी लागतो. कायदा भीतीचा धंदा करणाऱ्याला पकडतो. भीती बाईच्या मनात कोण पेरते, ती कोणाच्या सोयीची असते आणि पिढ्यान्‌पिढ्या कशी पोसली जाते, हे उकलण्याची हत्यारे कथेकडे आहेत. विवेकवादी चळवळीने तर अशा कादंबरीची वाट पाहायला हवी. दुसरा आक्षेप असा की फ्लॅट आणि दिव्यांच्या झगमगाटात लोककथा टिकत नाही. नंदीध्वजांनाच जिथे विजेची रोषणाई केली जाते त्या शहरात हे म्हणणे टिकत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, स्त्रीवादी बाजूने येणारा: पछाडलेली बाई दाखवणे म्हणजे पुन्हा तिला दुबळी करणे. अर्जेंटिनाच्या मारियाना एन्रिकेझ यांनी याला कथेतूनच उत्तर दिले आहे. त्यांच्या 2016 सालच्या संग्रहाच्या शीर्षककथेत पुरुषांनी जाळलेल्या बायका पाहून ब्वेनोस आयरेसमधल्या बायका स्वतःहून होळीत उतरू लागतात. वाचकाला दरदरून घाम फुटतो, पण एकाही बाईची कीव येत नाही, कारण आग कोणाच्या हातात आहे याचा निकाल कथेत त्या बायकाच लावतात. सोलापूरच्या लेखिकेला हा विषय परक्या खंडातून आणावा लागणार नाही, तो तिच्या शहरात दर संक्रांतीला पेटतो. तेव्हा प्रकाशकांनी आणि समीक्षकांनी भयकथेची वेगळी फळी मोडून ही पुस्तके कमल देसाईंशेजारी लावावीत, आणि तरुण लेखिकांनी मुंज्याचे लग्न लावणे सोडून हडळीला आधी बोलते करावे.