चाचेगिरी : पडद्यावरची आणि न्यायासनापुढची

समुद्रावरील चाच्यांविषयी सुशिक्षित वाचकाच्या मनात जे चित्र असते, ते बहुधा कादंबऱ्यांतून व चित्रपटांतून आलेले असते, साक्षीपुराव्यांतून नव्हे. शिवाय ह्या शब्दाच्या वापरात राजकारणही फार जुने आहे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे आपल्या किनाऱ्यावर दस्तकाचा अधिकार बजावीत असत, तरी इंग्रजांच्या दफ्तरी ते चाचेच ठरले. म्हणून चाचा कोणास म्हणावे, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदेविषयक कराराने ते केले आहे. खुल्या समुद्रावर, खाजगी हेतूने, एका खाजगी जहाजावरील माणसांनी दुसऱ्या जहाजावर केलेली हिंसा, लूट वा स्थानबद्धता म्हणजे चाचेगिरी होय. अशा चाच्यांस पकडण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे. पुढे त्यांचा न्याय कसा करावा, हे मात्र पकडणाऱ्या राष्ट्राच्या कायद्यावर व इच्छेवर सोडलेले आहे. ही फट ध्यानात ठेवून ह्या विषयावरील दोन चित्रपट पाहावेत, असे आम्हांस वाटते.

पहिला चित्रपट पॉल ग्रीनग्रास ह्यांचा ‘कॅप्टन फिलिप्स’ (२०१३). ८ एप्रिल २००९ रोजी सोमालियाजवळच्या समुद्रात चार चाचे ‘मर्स्क अलाबामा’ ह्या अमेरिकन मालवाहू जहाजावर चढले, कप्तानास घेऊन जीवरक्षक नावेत उतरले, आणि १२ एप्रिलला अमेरिकन आरमाराच्या नेमबाजांनी त्यांतील तिघांस ठार केले, ही त्याची कथा. दिग्दर्शकाची हातोटी नाकारण्याचे कारण नाही. निःशस्त्र खलाशांची धांदल, नावेतील कोंदट उकाडा, आणि सुटकेनंतर टॉम हँक्स ह्यांनी दाखविलेला कप्तानाचा कोसळलेला धीर, हे सारे मनावर ठसते. बर्खद अब्दी ह्यांनी उभा केलेला मुसे हा निव्वळ खलपुरुष नव्हे. परकी जहाजांनी आमची मासळी ओढून नेली, ही त्याची तक्रार चित्रपट ऐकून घेतो. लुटीचा पैसा वरच्या धन्यांकडे जातो, हेही सूचित करतो.

तथापि आमचा आक्षेप मूळ रचनेवर आहे. येथे सर्व भार एका कप्तानावर व एका आरमारावर टाकला आहे. इतर खलाशी जणू पार्श्वभूमीला आहेत. किनाऱ्यापासून सहाशे मैल दूर राहण्याचा इशारा मानला गेला नाही, असा आरोप करून त्यांच्यापैकी काहींनी पुढे जहाजकंपनीविरुद्ध दावे लावले. त्या वादाची जेमतेम छाया पडद्यावर पडते. गोळ्या सुटल्या की प्रश्न सुटला, असा ग्रह घेऊन प्रेक्षक घरी जातो. वास्तविक चार दिवसांत असा निकाल लागणे हा अपवाद होता.

नियम कोणता, हे तोबियास लिंडहोल्म ह्यांच्या ‘अ हायजॅकिंग’ (२०१२) ह्या डॅनिश चित्रपटात दिसते. चाचे जहाजावर चढतात, तो प्रसंगच दिग्दर्शकाने गाळला आहे! ज्या दृश्यासाठी दुसरा कोणी लक्षावधी डॉलर खर्चील, ते ह्याने कार्यालयातील एका निरोपावर भागविले. कारण त्याचे लक्ष चढाईवर नसून वाट पाहण्यावर आहे. जहाजावरचा स्वयंपाकी मिकेल आणि कोपनहेगनमधील कंपनीचा मुख्य अधिकारी पीटर, ह्या दोघांमध्ये केवळ दूरध्वनीचा दुवा. आरंभीच जपानी व्यापाऱ्यांकडून किंमत पाडून घेणारा हा पीटर पुढे माणसांच्या प्राणांचाही सौदा करू लागतो. चाचे दीड कोटी डॉलर मागतात. कंपनी अडीच लाख देऊ करते. एकदम अधिक देऊ केले, तर मागणी आणखी चढेल, हा सल्लागाराचा हिशेब व्यवहारात चूक नाही. पण त्या हिशेबाचे व्याज स्वयंपाक्याच्या आयुष्यातून वसूल होते. खंडणी पोचल्यावरही, गळ्यातल्या लग्नाच्या अंगठीवरून उद्भवलेल्या क्षुल्लक झटापटीत कप्तानाचा जीव जातो. ह्या चित्रपटात सोमाली माणसे मात्र बाहेरून पाहिलेली आहेत, एवढे न्यून सांगितलेच पाहिजे.

दोन्ही चित्रपट जेथे थांबतात, तेथे वकिलाचे काम सुरू होते. ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज सुमारे सात हजार टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियातून निघाले आणि चाच्यांच्या हाती पडले. सतरा खलाशी तराफ्यावर सोडून दिले गेले. पुढे ते वाचले. जहाजाचे नाव बदलून ते पश्चिमेकडे नेण्यात येत असता आपल्या तटरक्षक दलाने व नौदलाने पाठलाग करून अरबी समुद्रात ते पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींस सात वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांस निर्दोष सोडले. भारतीय दंडसंहितेत चाचेगिरीचे नाव असलेले कलमच नव्हते. चाचा हातात आहे, पण त्याच्या गुन्ह्याला देशाच्या कायद्यात नाव नाही, ह्याहून मोठे नाट्य कोणता पटकथाकार रचील?

दुसरे प्रकरण अधिक दुःखद. सप्टेंबर २०१० मध्ये पळविलेल्या ‘अस्फाल्ट व्हेंचर’वर पंधरा भारतीय खलाशी होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी दिली गेली, तरी सात जणांस ठेवून घेतले. भारताने कैद केलेले आपले साथी सोडावेत, ही नवी मागणी. ते सात जण ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. आरमाराच्या यशाची किंमत आरमारात नसलेल्या माणसांनी चार वर्षे चुकविली. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात, त्यांच्या घरांना ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

कायद्यातील उणीव २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी अधिनियमाने उशिरा का होईना दूर केली. मार्च २०२४ मध्ये आय. एन. एस. कोलकाता ह्या युद्धनौकेने ‘रुएन’ जहाजावरील सतरा खलाशी सोडवून पस्तीस चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले, तेव्हा हा कायदा हाताशी होता. वृत्तपत्रांनी नौसैनिक छत्रीने उतरल्याची चित्रे छापली. न्यायालयातील कामकाजाची चित्रे कोणी छापीत नाही.

चित्रपटाने कायद्याचे पुस्तक व्हावे, अशी आमची अपेक्षा नाही. परंतु समुद्रसुरक्षा म्हणजे केवळ अचूक नेमबाजी, असा समज पसरविणारी कलाकृती कितीही कुशल असली, तरी ती खलाशावर अन्याय करते. आणि ह्या कसोटीवर आम्ही लहान डॅनिश चित्रपटास मोठ्या अमेरिकन चित्रपटाच्या वरचे स्थान देतो. ‘अलोंड्रा रेनबो’चा खटला मुंबईत चालला; ‘अस्फाल्ट व्हेंचर’वरचे खलाशी भारतीयच होते. ह्या दोन प्रकरणांवर मराठी वा कोंकणी चित्रपटकाराने अद्याप हात घातलेला आमच्या पाहण्यात नाही. तो कोणी घालावा.